एका रुईच्या झुडपावरून फूड वेब कसं काढायचं

इन्सेक्ट इकॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो असं सांगितलं की लोकांना वाटतं आम्ही फुलपाखरं पकडून टाचण्या टोचत बसतो. टाचण्या आहेत, नाही असं नाही, पण निम्म्याहून जास्त काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं, कोण कोणाला खातं आणि किती खातं. हे बाणांनी दाखवणारं चित्र म्हणजे फूड वेब, अन्नजाळं. ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टनने समरहेज नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाबरोबर १९२३ मध्ये आर्क्टिकमधल्या बेअर आयलंडचं असं जाळं कागदावर मांडलं होतं. त्याला शंभर वर्षं झाली, यंत्रं बदलली, पण मूळ उद्योग तोच, झाडासमोर बसायचं, बघायचं, डब्यात वाढवायचं आणि बाण काढायचे.

बीएस्सी एमएस्सीची मुलं विचारतात की प्रोजेक्टला फूड वेब घ्यायचंय, कुठून सुरू करू. माझं उत्तर ठरलेलं असतं, जंगलात जाऊ नकोस, रुई घे. रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, टेकडीच्या पायथ्याशी फुकट मिळते, परवानगीची भानगड सहसा नसते (अभयारण्य किंवा वनखात्याच्या जागेत असेल तर परवानगी लागते, तिथे शहाणपणा करू नका), आणि तिच्या विषारी चिकामुळे तिच्यावर ठराविकच किडे असतात म्हणून यादी आवाक्यात राहते. आंब्याच्या झाडावर हेच करायला गेलात तर तीन वर्षं लागतील आणि गाईड रिटायर होईल.

आधी रुई कोणती ते बघा. आपल्याकडे दोन असतात. एकीच्या फुलाच्या पाकळ्या पसरट, मागे वळलेल्या, रंग जांभळट किंवा पांढरा. दुसरीचं फूल वाटीसारखं, पाकळ्या उभ्या आणि टोकाला गडद जांभळ्या. दोन्हीवर बरेचसे किडे सारखेच, तरी एका प्रोजेक्टमध्ये मिसळ करू नका, एकच धरा. कमीत कमी १० झुडपं घ्या, एकमेकांपासून जरा लांबची. एकाच झुडपाच्या १० फांद्या म्हणजे १० नमुने नव्हेत, ते एकच झुडूप आहे, आणि व्हायव्हाला पहिला प्रश्न हाच येतो.

अजून एक, मारुतीच्या देवळाजवळची रुई घेऊ नका. हसू नका. माझ्या १० पैकी ३ झुडपं देवळाच्या वाटेवर होती, शुक्रवारी संध्याकाळी मोजलेली पानं शनिवारी सकाळी मारुतीरायाच्या गळ्यात. डेटा शीटवर कारण काय लिहिणार, हर्बिव्होरी, म्हणजे प्राण्याने पान खाल्लं?

चिकाचं मात्र गंभीरपणे घ्या. पान तोडलं की पांढरा चीक येतो, त्यात कार्डिनोलाइड नावाची द्रव्यं असतात जी प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतात, आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला खरंच इजा होते. हातमोजे घाला, चष्मा असू दे, काम करताना डोळे चोळू नका, घरी आल्यावर आधी हात धुवा मग चहा. हा चीक पचवणारे किंवा टाळणारे किडेच रुईवर टिकतात, म्हणजे तुमच्या जाळ्याची पहिली गाळणी हीच.

सामान फार लागत नाही. १०एक्सचं भिंग, शून्य नंबरचा ब्रश, छोट्या काचेच्या कुप्या, ७० टक्के अल्कोहोल, श्रीखंडाचे रिकामे डबे (भरपूर, आत्तापासून जमवा), ऑर्गन्झाचं कापड, रबरबँड, टिश्यू पेपर, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच. मार्करने लिहिलेलं लेबल अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि मग तुमच्याकडे ४० कुप्या असतात आणि एकीवरही नाव नसतं. जाड कागदावर पेन्सिलने तारीख, झुडपाचा नंबर, फांदी आणि कशावर सापडलं ते लिहून लेबल कुपीच्या आत टाकायचं, बाहेर चिकटवायचं नाही. डीएनएसाठी नमुने ठेवायचे असतील तर अल्कोहोल ९५ टक्क्यांचं आणि शक्यतो फ्रीजरमध्ये.

आता प्रत्यक्ष काम. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की सुरू करा, तेव्हा कोवळ्या शेंड्यांवर मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) चांगला सापडतो. झुडपापाशी गेलं की पहिली १५ मिनिटं हात लावायचा नाही. घड्याळ लावा आणि फक्त बघा. फांदी हलली की अर्धे किडे पडतात, उडतात, पानामागे जातात आणि तुम्हाला वाटतं काहीच नाही. या १५ मिनिटांत जे खाताना दिसेल ते वेळेसकट लिहा, नुसतं बसलेलं दिसलं तर 'बसलेला' असंच लिहा. नंतर कळेल हा फरक किती मोठा आहे. मॉर्निंग वॉकवाले काका येऊन काय हरवलंय विचारतील, किडे बघतोय म्हणा, काही जण थांबून स्वतःच चांगली माहिती देतात. आणि आठवड्यातून एकदा तरी रात्री टॉर्च घेऊन जा (सोबत घेऊन जा), कोळी आणि क्रायसोपाच्या (जाळीदार पंखांचा हिरवा किडा) अळ्या रात्री वेगळ्याच जोमात असतात.

मोजणी अशी करायची. प्रत्येक झुडपाच्या चार दिशांच्या चार फांद्या, प्रत्येकीच्या टोकाच्या पानांच्या दोन जोड्या आणि कळ्या, पानं उलटी करून. मावा ५० च्या आत असेल तर एकेक मोजा. जास्त असेल तर पुठ्ठ्याला एक चौरस सेंटीमीटरची खिडकी कापून घ्या, तीन ठिकाणी ठेवून मोजा, सरासरीला वसाहतीच्या अंदाजे क्षेत्रफळाने गुणा. अंदाज आहे हे वहीत लिहा. आणि जिथे काही नाही तिथे शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. दोन महिन्यांनी रिकामा रकाना बघून मोजलं होतं की विसरलो होतो हे देवालाही सांगता येत नाही.

रुईवर भेटणारी मंडळी थोडक्यात सांगतो. पिवळाधमक मावा, पाय आणि मागच्या दोन नळ्या काळ्या, कण्हेरीवरही हाच असतो. सगळ्या माद्याच, नराशिवाय थेट पिल्लं घालतात, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी वाढायला लागलेली असते, म्हणून आठवड्यात फांदी पिवळी होते. गर्दी झाली की पंखवाले निघतात आणि दुसरीकडे जातात. मग प्लेन टायगर फुलपाखराची अळी, काळ्या पांढऱ्या पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर शिंगांच्या तीन जोड्या. निळा पिवळा रुईचा नाकतोडा, त्याला हात लावला तर अंगातून पिचकारी मारतो, तोंड लांब ठेवा. शेंगांवर लाल काळे बियांचे ढेकूण, फळात एक फळमाशी, एक सोंडकिडा. फुलांवर मोठा काळा भुंगा, तो पान खात नाही पण परागांच्या थैल्या पायाला अडकवून नेतो, त्याला जाळ्यात घ्यायचं की नाही ते आधीच ठरवा. मी वेगळ्या रंगाच्या बाणाने घेतो.

या सगळ्यांवर जगणारे म्हणजे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्या अळ्या (मगरीच्या पिल्लासारख्या दिसतात, शेतात लोक यांनाच कीड समजून फवारणी करतात, जीव जळतो), सिरफिड माशीच्या बिनपायाच्या हिरवट अळ्या ज्या माव्याला उचलून हवेत धरून शोषतात, क्रायसोपाच्या अळ्या, कोळी, आणि डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या. ही शेवटची मंडळी सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जण यांनाच सोडतात, कारण त्या खाताना दिसतच नाहीत. मादी येते, माव्यात एक अंडं टोचते, दोन सेकंदांत काम संपलं. आतली अळी माव्याला पोखरून खाते आणि मावा फुगून खाकी रंगाचा, वाळलेल्या वाटाण्यासारखा होतो, त्याला ममी म्हणतात. पानावर ममी शोधायची सवय लागली की कुठलंही झाड पूर्वीसारखं दिसत नाही.

तर आता रिअरिंग, म्हणजे डब्यात वाढवणं. फूड वेबचं खरं काम इथे होतं आणि कंटाळाही इथेच येतो.

ममी असलेला पानाचा तुकडा कापा, एक ममी एक कुपी, तोंडाला कापसाचा बोळा, लेबल आत. साधारण आठवडा दहा दिवसांत गांधीलमाशी बाहेर येते. ममीला पडलेलं भोक भिंगाखाली नीट बघा. गोल, गुळगुळीत, कधीकधी झाकणासारखी चकती लटकलेली असेल तर निघालेली बहुतेक माव्याचीच परजीवी. भोकाची कड वेडीवाकडी कुरतडलेली असेल तर सावध व्हा, ती बहुधा परजीवीवरची परजीवी आहे, म्हणजे मावा खाणाऱ्या अळीला हिने खाल्लं. मग बाण माव्याकडून हिच्याकडे काढून चालत नाही, मधल्या पायरीतून गेला पाहिजे, आणि गंमत म्हणजे मधली पायरी तर खाऊन संपलेली. म्हणून एकाच वसाहतीतल्या पुष्कळ ममी घ्यायच्या, त्यातल्या काहींमधून पहिली परजीवी निघते आणि मधे कोण असावं याचा अंदाज बांधता येतो. तो बाण तुटक रेषेचा काढायचा. पक्कं उत्तर हवं असेल तर ममीच्या सालीतला डीएनए तपासावा लागतो, ते प्रत्येक कॉलेजच्या खिशाला परवडणारं नाही.

प्लेन टायगरच्या अळ्यांना प्रत्येकी वेगळा डबा. रोज ताजं पान, लेंड्या काढायच्या, तळाला टिश्यू, झाकणाच्या जागी ऑर्गन्झा आणि रबरबँड. झाकण लावू नका. पहिल्या वर्षी मी झाकणाला सुईने पाच भोकं पाडून समाधानी होतो, तीन दिवसांत आत पाणी सुटलं, बुरशी आली, ३२ पैकी २७ अळ्या गेल्या आणि त्या परजीवीने मेल्या का माझ्यामुळे हे कळायला मार्ग नाही, पूर्ण बॅच कचऱ्यात. अळ्या सगळ्या वयाच्या घ्या. फक्त मोठ्या घेतल्या तर लहानपणीच मरणाऱ्या तुम्हाला दिसणार नाहीत, फक्त लहान घेतल्या तर मोठ्या अळीवर अंडी घालणाऱ्यांना तुम्ही संधीच दिली नाही. कुठल्या वयाची उचलली ते लेबलवर हवं.

सगळं नीट झालं तर कोष लटकतो आणि फुलपाखरू निघतं, फोटो काढा, जिथून आणलं तिथे सोडा. पण कधी अळीतून किंवा कोषातून पांढरा किडा बाहेर पडतो, मागे चिकट धाग्यासारखं काहीतरी लोंबतं, आणि दुसऱ्या दिवशी तळाला तपकिरी गोळीसारखा कोष मिळतो, ही टॅकिनिड माशी. फुलपाखरूप्रेमी इथे नाराज होतात. मला विचाराल तर या माशीच्या निघण्याइतका आनंद फुलपाखराचा होत नाही, कारण एक पक्का बाण मिळाला.

टक्केवारी काढताना फसू नका. समजा ३० अळ्या आणल्या, ६ अशाच मेल्या, १९ फुलपाखरं झाली आणि ५ मधून माशी निघाली. तर ५ भागिले ३० की ५ भागिले २४? मी २४ घेतो म्हणजे सुमारे २१ टक्के, पण त्या ६ चा आकडा शेजारी छापतो, त्यातल्या काहींच्या पोटात माशी असू शकते.

आता बाण. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे, खाल्लं जाणाऱ्याकडून. निम्मी मुलं उलटं काढतात. आणि माझा एक हट्ट आहे तो ऐका. प्रत्येक बाणापाशी पुरावा कुठला ते लिहायचं. झाडावर खाताना बघितलं किंवा रिअरिंगमधून निघालं, तर ठळक रेष. डब्यात टाकल्यावर खाल्लं, तर तुटक रेष, कारण उपाशी ढालकिडा डब्यात काहीही खातो, उपाशी मीही मेसमधलं काहीही खायचो. शिवाय रुई कण्हेरीचा मावा चिकामुळे काही ढालकिड्यांना मानवत नाही, खातात पण अळी नीट वाढत नाही, म्हणजे 'खाल्लं' आणि 'त्यावर जगला' या दोन गोष्टी. आणि पुस्तकात वाचलं म्हणून काढलेला बाण? तो काढूच नका, किंवा वेगळ्या रंगात काढा आणि तसं सांगा.

माझं पहिलं जाळं गाईडसमोर ठेवलं तेव्हा त्यात मुंगीकडे जाणारा माव्याचा बाण होता. मॅडमनी विचारलं, मुंगीला मावा खाताना पाहिलंस? मी म्हटलं, माव्यावर मुंग्या होत्या. त्या म्हणाल्या, गवळ्याला म्हशीजवळ पाहिलं म्हणून तो म्हैस खातो का? मुंग्या माव्याने बाहेर टाकलेला गोड चिकटा प्यायला येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हाकलतात, तो बाण वेगळ्या प्रकारचा. तरी मुंगी कधीच मावा खात नाही असंही लिहू नका, तोंडात धरून नेताना दिसली तर तो बाण तिला द्या.

जाळं तयार झालं की एक साधा आकडा काढा, बाणांची संख्या भागिले जातींच्या संख्येचा वर्ग. १४ जाती आणि २१ बाण असतील तर २१ भागिले १९६, म्हणजे ०.११ च्या आसपास. याला कनेक्टन्स म्हणतात. पण दोन जागांची तुलना करायची तर दोन्हीकडे तेवढाच वेळ दिलेला हवा, जो जास्त वेळ बघतो त्याला जास्त बाण सापडतात, यात निसर्गाचं कर्तृत्व काही नाही. आकडेवारीसाठी आर (R) या संगणक भाषेतलं बायपार्टाइट पॅकेज बघा, बाणांची जाडी मोजणीप्रमाणे ठेवता येते.

जाळं काढणं हे वर्णन झालं. त्यातला कुठला धागा ताणाचा आहे हे कळायला तो तोडून बघावा लागतो. रॉबर्ट पेनने अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावरच्या खडकांवरून एक स्टारफिश काढत राहून १९६६ च्या पेपरात दाखवलं की १५ जातींच्या जागी ८ उरल्या, शिंपल्यांनी जागा बळकावली. आपल्याला तेच फांदीवर करायचंय. प्रत्येक झुडपाच्या तीन फांद्या घ्या, तिन्हींवर मावा साधारण २० वर आणा, शिकारी आणि सिरफिडची पांढरी लांबट अंडी ब्रशने काढा. एकीला ऑर्गन्झाची पिशवी घालून बांधा, दुसरीला तीच पिशवी पण खालून उघडी, तिसरी मोकळी. ती मधली उघडी पिशवी विसरू नका, नाहीतर फरक शिकारी नसल्याने पडला की पिशवीतल्या सावलीने हे सांगता येणार नाही. मच्छरदाणीचं कापड नको, परजीवी त्यातून आरामात जातात. लग्नात बदाम वाटायच्या जाळीदार पोटल्या मिळतात ना, मोठ्या आकाराच्या आणल्या तर भारी काम होतं. मुंग्यांचा परिणाम बघायचा तर वेगळ्या फांद्यांवर आधी टेप गुंडाळा आणि टेपवर ग्रीस लावा, थेट सालीवर नको, साल जळते. दर तिसऱ्या दिवशी मोजा, दोन आठवडे. तुलना झुडपागणिक करा, सगळ्या फांद्या एकत्र ओतून नाही.

एवढा वेळ नसेल तर प्लॅस्टिसिनच्या अळीचा खेळ करा, शाळेतल्या मुलांनाही जमतो. हिरव्या बिनवासाच्या प्लॅस्टिसिनची ३ सेंटीमीटर लांब अळी वळायची, पानावर फेव्हिक्विकच्या थेंबाने चिकटवायची, २४ किंवा ४८ तासांनी भिंगाने खुणा बघायच्या. पक्ष्याच्या चोचीची पाचर किंवा इंग्रजी व्ही सारखी खूण, उंदराच्या दातांच्या शेजारी शेजारी दोन समांतर चऱ्या, मुंग्या आणि भुंगेऱ्यांच्या जबड्याचे बारीक जोडचिमटे. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ३१ ठिकाणी अशा जवळपास २९०० अळ्या लावल्या होत्या आणि विषुववृत्ताकडे हल्ले जास्त निघाले, तेही मुख्यतः मुंग्यांसारख्या लहान शिकाऱ्यांचे, पक्ष्यांचे नव्हे. खूण कळली नाही तर 'माहीत नाही' असा रकाना ठेवा, आणि अळी वळताना स्वतःच्या नखाची खूण राहणार नाही एवढं बघा, मी एकदा दोन दिवस स्वतःच्याच नखाला पक्षी समजत होतो.

मोठ्या लॅब याच्या पुढे नायट्रोजनचा जड समस्थानिक मोजतात, अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की तो साधारण हजारी ३.४ ने वाढतो, म्हणजे कोळी कितव्या मजल्यावर जेवतो ते कळतं. किंवा शिकाऱ्याच्या पोटातला डीएनए वाचतात. पण पोटात मावा सापडला म्हणजे थेट खाल्ला असं नाही, मावा खाल्लेल्या ढालकिड्याला खाल्लं असेल तरी तो सापडतो. मशीन आली तरी फांदीसमोर बसणं चुकत नाही.

नावांसाठी अडून बसू नका. परजीवींची जात सांगणारे लोक देशात मोजके, त्यांना धूसर फोटो पाठवून जात विचारू नका. 'गांधीलमाशी क', 'माशी २' असे कोड द्या, प्रत्येक कोडचा एक नमुना जपा, नाव नंतर लागेल. चुकीचं नाव लावण्यापेक्षा कोड बरा.

आणि प्रोजेक्ट संपला म्हणून डबे लगेच धुवायला काढू नका. फुलपाखरू निघालं नाही, माशीही नाही, कोष तसाच काळपट लटकलाय, अशा डब्यावर तारीख लिहा आणि अजून चार आठवडे कोपऱ्यात ठेवा, मधे मधे टिश्यूवर पाण्याचा एखादा थेंब. मी एकदा असाच डबा कपाटामागे विसरलो होतो, सबमिशन झाल्यावर सापडला, तळाला फुटलेली तपकिरी गोळी आणि शेजारी वाळलेली माशी. तो बाण माझ्या थिसिसमध्ये नाही.